चप्पल काढल्यावर: साताऱ्यात अनवाणी चालायला शिकणाऱ्यांसाठी

मला अनवाणी चालायची सवय लागली ती नवरात्रामुळे. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत पायात काही घालायचं नाही, ही रीत आमच्या घरात सासूबाई पाळायच्या. त्यांचे गुडघे थकले आणि ती माझ्याकडे आली. पहिल्या वर्षी मी एकेक दिवस मोजून काढला. शाहूपुरीतून राजवाड्यापर्यंत भाजीला जायचं म्हटलं तरी जिवावर यायचं. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटायला निघताना मोठ्या हौसेनं सँडल घातल्या, तर बोटं कुणी दोऱ्यानं आवळून बांधल्यासारखी वाटायला लागली. कोपऱ्यावरून परत फिरले, सँडल दाराशी ठेवल्या आणि तशीच सगळ्यांकडे जाऊन आले. त्याला आता आठ वर्षं झाली. बाजार, बँक, देऊळ, एसटी, सकाळचा फेरफटका, जमेल तिथं मी अनवाणीच असते.

नवस नाही, व्रत नाही, नुसती पायाला जमीन लागावी म्हणून चप्पल काढू पाहणारे हल्ली बरेच भेटतात. त्यातले कितीतरी जण पंधरा दिवसांत सोडून देतात, कारण पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा चढायला जातात. सगळ्यांचा पहिला प्रश्नही एकच असतो: तळपाय टणक व्हायला किती दिवस लागतात? माझे तळपाय आजही टणक नाहीत, हात लावून बघा. माझी चाल बदलली. पाऊल हलकं पडायला लागलं, डोळे जमिनीवर आले, घाई गेली. सगळं शिकायचं ते एवढंच, पण त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात.

सुरू करण्याआधी

मधुमेह असेल तर हा लेख इथंच थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते, काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि गोष्ट बोट काढण्यापर्यंत जाते. अशा माणसानं घरातसुद्धा अनवाणी फिरू नये असंच डॉक्टर सांगतात. संवेदना शाबूत आहे का, याची एक साधी चाचणी घरी होते. डोळे मिटून झोपा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोट हलकेच एक-दोन सेकंद टेकवायला सांगा. दाबायचं नाही, चोळायचं नाही. सहापैकी दोन स्पर्श जरी कळले नाहीत, तरी आधी दवाखाना गाठा. पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास, टाचदुखी, रक्त येणाऱ्या भेगा, न भरलेली जखम, यांपैकी काही असेल तरी थांबा.

दुसरं, धनुर्वाताचं इंजेक्शन. शेवटचं कधी घेतलं हे बहुतेकांना आठवत नाही. दर दहा वर्षांनी ते घ्यायचं असतं, आणि माती-गंज लागलेली जखम झाली तर पाच वर्षं उलटून गेली असली तरी डॉक्टर पुन्हा देतात. तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

पहिली पायरी: घर

ऐकून नवल वाटेल, पण आज आपल्या कितीतरी घरांत लोक पलंगावरून उतरले की थेट स्लीपरमध्ये पाय घालतात. ती स्लीपर आधी बंद करा. पंधरा दिवस घरात, जिन्यात आणि सकाळी गच्चीवर अनवाणी राहा. शहाबादी फरशी, मोझॅक, कोबा, न्हाणीघराच्या दाराशी ओल्या फरशीचा गारवा, हे सगळं पायाला वेगवेगळं कळायला लागतं.

याच काळात चालीकडे लक्ष द्या. चप्पल घालून आपण टाच आपटत चालतो, खाली रबर असतं म्हणून ते चालून जातं. अनवाणी तसं चाललात तर धक्का थेट गुडघ्यापर्यंत जातो. म्हणून पाऊल छोटं टाका, शरीराच्या फार पुढे नेऊ नका. तळव्याचा बराचसा भाग एकदम, अलगद टेकू द्या. आवाज ऐका: फरशीवर थप थप ऐकू येत असेल तर अजून जमलेलं नाही. घरातलं लहान मूल झोपलेलं असताना आपण जसे त्याच्या शेजारून जातो, ती चाल हवी.

दुसरी पायरी: माती

यानंतर मैदान. छत्रपती शाहू क्रीडा संकुल असो, कॉलेजचं पटांगण असो की गावातल्या शाळेचं, सकाळी लवकर जायचं आणि दहा मिनिटं चालायचं. एक दिवस आड. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटऱ्या भरून येतील. टाच थोडी खाली गेली की पोटरीचा स्नायू जास्त ताणला जातो, म्हणून ते होतं. दुखणं पोटरीत असेल तर काळजी नाही. पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागच्या लांब हाडांवर बोट ठेवल्यावर नेमकी एकच जागा दुखत असेल, तर मात्र चालणं थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. घाई करणाऱ्यांच्या तिथल्या हाडाला बारीक तडा जातो. एका पावलात २६ हाडं आहेत. वर्षानुवर्षं बुटात बसलेली ती सगळी एका आठवड्यात कामाला लागत नाहीत.

रोममध्ये १९६० साली इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकला, हे उत्साही मंडळी मला ऐकवतात. खरं आहे. पण तोच बिकिला १९६४ला टोकियोत बूट घालून जिंकला, हेही खरं आहे. आणि रोमला उतरण्याआधीच त्याच्या पायांना अनवाणी धावायचा सराव होता. आपण धावणं वर्षभर तरी बाजूला ठेवू.

आपल्या भागात कुस्तीची तालीम जवळ असेल तर वस्तादांना विचारून एकदा हौद्यातल्या लाल मातीवर उभे राहा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती पायाला जशी लागते, तशी दुसरी कुठलीच लागत नाही. खाशाबा जाधवांचा हा जिल्हा. इथली कित्येक पोरं अनवाणी पायांनी त्याच मातीत उभी राहायला शिकली.

तिसरी पायरी: आपली गल्ली

आता डांबर. घरापासून चारशे पावलं जायचं आणि परत यायचं, एवढंच. पिशवीत चप्पल असलीच पाहिजे, आणि हा नियम मी आजही मोडत नाही. का, ते सांगते.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मी पहाटे अनवाणी अजिंक्यतारा चढले. रस्ता गार होता, वर मंगळाईचं दर्शन घेतलं, ओळखीच्या बायका भेटल्या, गप्पा लांबल्या. उतरायला लागले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. चप्पल घरी. पहिल्या वळणापर्यंत नुसतं गरम लागत होतं, दुसऱ्या वळणावर तळपायाची आग व्हायला लागली. सावलीतून सावलीत पळाले, कडेच्या वाळल्या गवतातून चालले तर तिथं काटे. शेवटी एका अनोळखी मुलीनं गाडी थांबवून मला घरी सोडलं. दोन्ही तळव्यांना रुपयाएवढे फोड आले होते. आठवडाभर घरातसुद्धा टाचांवर चालत होते.

हवा ३८ अंशांवर असते तेव्हा उन्हातलं डांबर ५५-६० अंशांच्याही पुढे जातं, आणि एवढ्या तापमानाला कातडी भाजायला काही सेकंद पुरतात. म्हणून बाहेर पडताना हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवा आणि मनात सात मोजा. सातपर्यंत हात ठेवता आला नाही तर चप्पल घाला. मार्च ते मे सकाळी नऊनंतर आणि सूर्य कलेपर्यंत मी अनवाणी बाहेर पडत नाही. मध्येच अडकलात तर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चाला, त्या डांबरापेक्षा बऱ्याच कमी तापतात. पावसात मात्र त्याच पट्ट्या निसरड्या होतात.

डांबरावर पाय ओढायचा नाही, उचलायचा. ठेच लागते ती पाय ओढल्यानं, आणि काचेचा तुकडा सरळ खाली पडलेल्या पावलात क्वचित घुसतो, घासत गेलेल्या पावलाला तो चिरतो. नजर चार-पाच पावलं पुढे ठेवा. सकाळी सूर्याकडे तोंड करून चाललात तर काच आपोआप चमकते, सूर्य पाठीशी असेल तर दिसत नाही. मी जाताना पूर्वेकडे जाते आणि येताना तीच वाट धरते, म्हणजे जागा माहीत असतात. बोलायचं असेल तर थांबून बोला. मोबाइल बघत अनवाणी चालणं सोडूनच द्या.

गाडी चालवताना चप्पल किंवा बूट घाला. दुचाकीवर पाय टेकवायची वेळ कुठे येईल हे आपल्या हातात नसतं.

चौथी पायरी: लोक

हा भाग चालण्यापेक्षा अवघड आहे. आपल्याकडे अनवाणी माणसाला तयार अर्थ आहेत: नवस, सुतक, नाहीतर गरिबी. यांतलं काहीच नसताना नीट साडी नेसलेली बाई रस्त्यानं बिनचपलीची जाताना दिसली की लोक गोंधळतात. पहिल्या वर्षी भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी हातात ठेवत हळूच विचारलं, "काय वं ताई, घरात कोन गेलं का?" त्यांच्या आवाजातली काळजी खरी होती. मी म्हटलं, "नाही हो मावशी, सगळी बरी आहेत. मला असंच चालायला बरं वाटतं." त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग दुपारचं नका येऊ, फरशी तापती." त्यानंतर आजपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही.

तेव्हा उत्तर छोटं ठेवा आणि खरं द्या. आरोग्याचं व्याख्यान देऊ नका. खोटा नवस तर मुळीच सांगू नका, कारण पुढचा प्रश्न "कुठल्या देवीचा?" असतो, आणि जी माणसं खरंच नवस फेडतात त्यांच्याशी ती लबाडी होते. नवरात्रात आणि श्रावणात कुणी काहीच विचारत नाही. नवशिक्यांनी घटस्थापनेचा मुहूर्त धरावा असं मला मनापासून वाटतं. पाऊस ओसरलेला असतो, रस्ते तापलेले नसतात आणि अर्धं गाव तुमच्यासारखंच अनवाणी असतं.

रस्त्यावर अनवाणी चालायला आपल्याकडे कायद्याची मनाई नाही. देवळात तर चप्पल बाहेरच ठेवायची असते, ते आपलं माहेरच. दुकानं, मंडई, टपाल कचेरी, बँक इथं मला कधी कुणी अडवलं नाही. मॉल, मोठी हॉटेलं, क्लब यांचे स्वतःचे नियम असतात. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन कित्येक वर्षं जगभर अनवाणी फिरले, तरी मुंबईतल्या एका क्लबनं त्यांना त्याच कारणावरून आत येऊ दिलं नव्हतं. कुणी चप्पल घालायला सांगितली तर वाद घालू नका. पिशवीतली चप्पल काढा, घाला, काम करून बाहेर या. दारावरचा वॉचमन नियम करत नाही, त्याला तो पाळावा लागतो.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गळीत हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतली मुलं फडाच्या बांधावर अनवाणी फिरताना आपल्या जिल्ह्यात दिसतात. त्यांच्याकडे बोट दाखवून "बघा किती नैसर्गिक" असं म्हणू नका. माझ्या पिशवीत चप्पल आहे, ती मी हवी तेव्हा घालू शकते. त्यांना ती मिळालेलीच नाही. तुटलेल्या उसाचे बुडखे सुऱ्यासारखे असतात. तिथं द्यायची असेल तर चप्पल द्यावी.

कुठं जायचं नाही

सार्वजनिक शौचालय, दवाखाना, गॅरेज, चालू बांधकाम आणि एसटी स्टँडचा मागचा भाग इथं चप्पल घालायचीच. फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर लोखंडाचा कीस पडलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि पायातून निघत नाही. दिवाळीनंतर आठवडाभर रस्त्यावर फुलबाजीच्या तारा असतात. यवतेश्वर घाटात लोक रात्री बसतात त्या वळणांवर काचा असतात, ३१ डिसेंबरनंतर तर फारच.

रात्री गवतात, शेतात, बांधावर कधीही अनवाणी जाऊ नका. घोणस, मण्यार, नाग, फुरसं, चारही विषारी साप आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि दंश बहुतेक वेळा पायालाच होतो. रात्रीच्या विजेवर पाणी पाजायला जाणाऱ्यांनी गमबूट आणि बॅटरी घेऊनच जावं. साप चावलाच तर चिरू नका, आवळून बांधू नका, पाय फार न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा, लस तिथं असते.

कास पठाराबद्दल विचारणा होते. जांभ्याचा कातळ खवणीसारखा खरखरीत असतो, सरावलेल्या पायाला तो आवडतो. पण २०१२पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात असलेलं ते पठार चालायचा सराव करायची जागा नव्हे. पाय चपलेत असो की उघडा, फूल सारखंच चिरडतं. आखून दिलेल्या वाटेवरच राहा. जांभा हवाच असेल तर रस्त्याकडेच्या एखाद्या उघड्या कातळावर दहा पावलं पुरतात.

लांब चालीचा खरा धडा बघायचा असेल तर आषाढीला माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यात येते तेव्हा लोणंद ते तरडगाव या वाटेवर उभे राहा. दिंडीत अनवाणी चालणाऱ्या वयस्कर वारकऱ्यांची पावलं बघा. गुडघा किंचित वाकलेला, पाऊल छोटं, अंगाला झोक नाही, टाळाच्या ठेक्याबरोबर पाय उचलला जातो आणि खाली ठेवला जातो. मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम पाय धुण्याचं आणि तेल चोळण्याचं.

पावसाळा

जून-जुलैत साचलेल्या पाण्यातून अनवाणी जायचं नाही. उंदरांचं मूत मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो पायाच्या चिरेतून शरीरात शिरतो. उघड्यावर शौच होत असेल अशा ओलसर मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात, त्या धडधाकट कातडीतूनही आत जातात आणि पुढे आतड्यात राहून रक्त कमी करतात. ओढ्याकाठच्या, कालव्याकाठच्या अशा जागा आपल्याला माहीत असतात, त्या टाळा. जंताची गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कापडानं कोरड्या करा. अनवाणी माणसाला चिखल्या बुटवाल्यापेक्षा कमी होतात, पण ओल राहिली तर होतातच.

काटा निघाला नाही तर

पिशवीत चपलेबरोबर एक छोटी डबी ठेवा: चिमटा, सुई, पट्टी, जंतुनाशक मलम आणि छोटी बाटली पाणी. आपल्याकडे तीन शत्रू आहेत. सराटा चारी बाजूंनी टोकदार असतो, पण वरच बसतो. पाय झटकू नका, बोटांनी सरळ वर उचला, निघतो. कुसळ दिवाळीनंतर गवत वाळलं की त्रास देतं. ते बारीक आणि उलट्या केसांचं असतं, चाललं की आणखी आत सरकतं, म्हणून लागल्या क्षणी तिथंच बसून काढायचं. बाभळीचा काटा सर्वांत वाईट, कारण त्याचं टोक आत मोडतं.

मोडला तर घरी येऊन पाय साबणानं धुवा, उजेडात बसा, सुई ज्योतीवर धरून गार होऊ द्या. काटा ज्या दिशेनं शिरला त्या दिशेनं वरची मेलेली कातडी अलगद उकला. काळा ठिपका दिसला की चिमट्यानं तो आला त्याच वाटेनं ओढा. पिळू नका, पिळल्यानं टोक खोल जातं. माझी आजी बाभळीचाच दुसरा काटा घेऊन हे करायची आणि तिचा हात सुईपेक्षा हलका होता, तरी तुम्ही सुईच घ्या. बिब्बा, रुईचा चीक, तापवलेल्या गुळाचा चटका, यांतलं काही लावू नका. बिब्ब्यानं कातडी जळते आणि दोन दुखणी होतात. टोक सापडलं नाही, दुसऱ्या दिवशी ठणका लागला, लाली वर चढायला लागली, तर दवाखाना. खिळा शिरला असेल तर वाट बघायचीच नाही: वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

रोजचं

तळपायाला घाम येतो, पण कातडी मऊ ठेवणाऱ्या तेलाच्या ग्रंथी तिथं नसतात. म्हणून अनवाणी माणसाच्या टाचा फुटतात. रात्री कोमट पाण्यात पाय बुडवा, वजरीनं टाच हलकेच घासा, पुसा आणि आमसुलाचं तेल नाहीतर साधं खोबरेल लावा. आमसुलाच्या घट्ट तेलाचा गोळा दिव्याजवळ धरून पातळ करायचा आणि भेगेत भरायचा, चार दिवसांत फरक दिसतो. वजरी जोरात घासून जाड कातडी काढून टाकू नका, ती तुम्हीच कमावलेली असते. तेल लावताना तळवा बोटांनी चाचपा. दिवसभरात न कळलेला बारीक खडा, कुसळाचं टोक, नवीन चीर, हे बोटांना कळतं.

सहा-आठ महिन्यांनी जुने बूट पुढच्या बाजूला आवळायला लागतील. बोटं पसरलेली असतात. लग्नाकार्यासाठी नवीन घ्यायचे झाले तर संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढून न्या आणि तो कागद बुटाच्या तळाला लावून बघा. कागद बाहेर डोकावत असेल तर दुकानदार "वापरून सैल होतील" म्हणाला तरी ते घेऊ नका.